नेकारच्या खोऱ्यातील मोटार



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वस्तुतः एखाद्या यंत्रविशारदाने निवडावा असा आहे. मराठी भाषा-साहित्याचा अभ्यास करून भाषांतराच्या व्यवसायात पडलेली व्यक्ती त्याच्या वाटेस का गेली, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच की, भाषांतर करणाऱ्यास शब्दामागची वस्तू पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या गॅरेजमधील मिस्त्री दिवसभरात ‘प्लग’, ‘नोझल’, ‘कार्ब्युरेटर’, ‘डिफरन्शिअल’ असे पन्नास शब्द उच्चारतो. ते आता मराठीचेच झाले आहेत. हे शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले खरे. परंतु त्यांतील बऱ्याच वस्तूंचा माग काढीत गेल्यास आपण लंडनला पोहोचत नाही, अमेरिकेसही पोहोचत नाही. आपण जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातील एका लहानशा नदीच्या काठी येऊन ठेपतो. त्या नदीचे नाव नेकार.

काळ्या अरण्याच्या बाजूस उगम पावून ही नदी स्टुटगार्ट, हाइलब्रोन, हायडेलबर्ग ह्या गावांवरून वाहत जाते आणि मानहाइम येथे ऱ्हाइनला मिळते. तिची लांबी पुरती चारशे किलोमीटरही नाही. एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश दोन राज्यांत विभागलेला होता. मानहाइम आणि कार्ल्सरूहं ही गावे बाडेनमध्ये, तर स्टुटगार्ट व्युर्टेम्बर्गमध्ये होते. १९५२ साली ही राज्ये एकत्र येऊन आजचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग झाले. मोटारगाडीच्या अंगावरील भाग एकेक करून तपासले, तर ह्या एवढ्याशा टापूत जन्मलेल्या किंवा येथे कामाला लागलेल्या माणसांनी त्यांतील किती भाग घडविले हे पाहून मन थक्क होते. असे का व्हावे, आणि त्यातून आपण काय घ्यावे, ह्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा प्रदेश उद्योगास अनुकूल म्हणून पुढे आला, असे समजण्याचे कारण नाही. व्युर्टेम्बर्गमध्ये सांगण्यासारखा कोळसा नव्हता, लोखंड बेताचेच होते आणि समुद्र दूर होता. बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची चाल तेथे रूढ असल्याने दर पिढीस शेते अधिकाधिक बारीक होत गेली. जमिनीचे तुकडे पडत जाण्याचे हे दुःख महाराष्ट्रातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. अशा तुकड्यावर पोट भरत नसे, म्हणून शेतकरी हिवाळ्यात घड्याळे करी, विणकाम करी, लाकूड कातीत बसे. ज्यांना तेही जमले नाही ते हजारोंनी अमेरिकेस गेले. मागे उरलेल्यांपैकी अनेकांच्या हाती अर्धे शेत आणि अर्धा धंदा असे. ह्या मिश्र जीवनातून एक विशिष्ट वृत्तीचा माणूस घडला. त्याला तिकडे ‘ट्युफ्टलर’ म्हणतात. आपला ‘खटपट्या’ हा शब्द त्याला बराच जवळचा आहे. मात्र आपण खटपट्या म्हणताना जो थोडा उपहास करतो तो वजा केला पाहिजे. एकच बारीक अडचण घेऊन महिनोन्‌महिने तिच्याशी झुंजत राहणारा, पसाऱ्यात रमणारा, पण शेवटी वस्तू चालती करून दाखविणारा असा हा माणूस.

ह्या वृत्तीला राज्यकर्त्यांनी वळण दिले, हेही नमूद केले पाहिजे. व्युर्टेम्बर्ग सरकारने १८४८ साली उद्योग आणि व्यापार ह्यांच्या उत्तेजनार्थ एक मध्यवर्ती कार्यालय स्थापन केले. फेर्डिनांड फॉन श्टाइनबाइस हा त्याचा कर्ता पुरुष. परदेशांतील उत्तम यंत्रे आणून ती कारागिरांस दाखवावी, कारागिरांच्या मुलांसाठी धंदेशिक्षणाच्या शाळा काढाव्या, होतकरू तरुणांस मदत देऊन परदेशी कारखाने पाहावयास धाडावे, असा त्याचा कार्यक्रम होता. ह्या मदतीचा लाभ झालेल्या तरुणांत शोर्नडॉर्फ गावच्या एका पाववाल्याचा मुलगा होता. तो आधी बंदुका घडविण्याचे काम शिकला होता. त्याचे नाव गोटलीब डाइमलर.

मोटारीच्याही आधीची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १२ जून १८१७ रोजी मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक सरकारी वनाधिकारी दोन चाकांच्या एका लाकडी सांगाड्यावर बसला आणि पायांनी जमीन मागे रेटीत तासाभराच्या आत सुमारे चौदा किलोमीटर जाऊन परत आला. सायकलची ही पूर्वजा होय. त्याच्या आदल्या वर्षी ह्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला होता. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या धुरळ्याने युरोपातील उन्हाळाच नाहीसा केला. ओट महागले, घोडे पोसणे कठीण झाले. घोड्यावाचून चालणारे वाहन सुचले ते ह्याच टंचाईतून, असे काही अभ्यासक मानतात. हा संबंध अनुमानाचा आहे, परंतु घोड्याशिवाय प्रवास ह्या कल्पनेचे बीज त्या गावात सत्तर वर्षे आधीच पडले होते, एवढे निश्चित.

आता मुख्य कथेकडे वळू. कार्ल बेंझ हा कार्ल्सरूहंजवळच्या म्युलबुर्गचा. त्याचा जन्म १८४४ चा. वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. मूल दोन वर्षांचे असतानाच ते वारले. आईने हाल सोसून त्यास तंत्रशाळेत शिकविले. पुढे त्याने मानहाइममध्ये कारखाना काढला. पण पैशाची ओढ सुटेना. त्याची वाग्दत्त वधू बेर्टा रिंगर हिने लग्नापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम घरून मागून घेऊन त्या कारखान्यात घातली. २९ जानेवारी १८८६ रोजी बेंझने पेटंटासाठी अर्ज केला, आणि ३७४३५ ह्या क्रमांकाचे ते पेटंट आज मोटारीचा जन्मदाखला मानले जाते. २०११ साली युनेस्कोने ते जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदविले.

तीन चाकांच्या त्या गाडीत एक सिलिंडर होता, शक्ती पाऊण अश्वशक्तीच्या आसपास, आणि वेग ताशी सोळा किलोमीटर. आकडे हास्यास्पद वाटतील. तथापि त्या गाडीचा विशेष असा की, घोडागाडीला इंजिन जोडून ती केलेली नव्हती. इंजिन, सांगाडा आणि चाके ह्यांचा एकत्र विचार करून ती घडविली होती. विजेच्या ठिणगीने इंधन पेटविण्याची सोय तीत होती, पाण्याने इंजिन थंड ठेवण्याची सोय होती आणि डिफरन्शिअलही होते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला काटावा लागतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडली तर एक चाक फरफटत जाईल. दोहोंना आपापल्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची ही युक्ती बेंझने शोधली नाही, पण ती मोटारीत योग्य जागी बसविली. सर्वांत अवघड प्रश्न ठिणगीचा, असे बेंझ मानीत असे. आणि ते कसे खरे होते हे पुढे दिसेल.

गाडी झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोक ती पाहत, हसत आणि निघून जात. अशा वेळी बेर्टाबाईंनी जे केले ते यंत्रविद्येच्या इतिहासात अपूर्व आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी पहाटे, नवरा झोपेत असताना, ऑयगन आणि रिचर्ड ह्या दोन मुलांना घेऊन त्यांनी गाडी बाहेर काढली आणि आपले माहेर फोर्ट्सहाइम गाठावयाचे ठरविले. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत पेट्रोलपंप कोठला? वीसलोख येथील औषधाच्या दुकानात डाग काढावयासाठी लिग्रॉइन नावाचा द्रव विकत, तो घेऊन टाकी भरली. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून दाखविले जाते. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, ठिणगीची तार उघडी पडली तिला मोज्याच्या पट्ट्याचे वेष्टण दिले, साखळी लोहाराकडून नीट करून घेतली, असे बेंझ कुटुंबाच्या आठवणींत सांगितले आहे. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी दम टाकी, मुले उतरून ढकलीत. परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, अशी सूचना झाली आणि ती अमलातही आली.

ही कथा साहसकथा म्हणून सांगण्याची रीत आहे. मला तिचे महत्त्व निराळे वाटते. ब्रेकच्या ठोकळ्यावरील ते चामडे म्हणजे ब्रेक लायनिंगचा आरंभ आणि चढाचा तो गिअर म्हणजे वापरातून सुचलेली पहिली सुधारणा. कारखान्यात बसलेल्या कर्त्याला जे दिसले नाही, ते रस्त्यावर गाडी हाकणारीला दिसले. पेटंटावर मात्र तिचे नाव नाही. विवाहित स्त्रीने स्वतःच्या नावाने असे हक्क मिळविण्यास त्या काळचा कायदा अनुकूल नव्हता. १९४४ साली, पंच्याण्णव वर्षांच्या होऊन बेर्टाबाई लाडेनबुर्ग येथे वारल्या.

मानहाइमहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, नेकारच्याच काठी, स्टुटगार्टलगतच्या कानस्टाटमध्ये त्याच वर्षांत दुसरे दोघे जण ह्याच प्रश्नाशी झुंजत होते. डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख हा लहानपणीच पोरका झालेला, रॉइटलिंगेन येथील एका धर्मादाय आश्रमात वाढलेला. आश्रमाच्या कारखान्यात त्याची हुशारी डाइमलरने हेरली आणि दोघांची जोडी जन्माची जमली. १८८२ साली कानस्टाटच्या घरामागील बागेत काचेची जी झाडघर-खोली होती तिचीच त्यांनी कार्यशाळा केली. रात्रंदिवस आतून ठोकाठोकीचे आवाज येत. तेथे खोटी नाणी पाडतात असा संशय येऊन माळ्याने पोलिसांना कळविले. झडतीत हत्यारे आणि इंजिनाचे तुकडे तेवढे निघाले, असे सांगतात.

ह्या दोघांनी इंजिन हलके आणि वेगवान केले. निकोलाउस ओटो ह्याचे चार-ठोक्यांचे इंजिन १८७६ पासून प्रसिद्ध होते, पण ते जड, संथ आणि जमिनीस खिळलेले होते. डाइमलर-मायबाख ह्यांचे इंजिन मिनिटाला सुमारे सहाशे फेरे घेई. १८८५ साली त्यांनी ते लाकडी दुचाकीवर बसविले, ती मोटारसायकलची आद्य आवृत्ती, पुढच्या वर्षी चार चाकांच्या गाडीवर, मग नावेवर. १८९३ मध्ये मायबाखने बारीक तोटीतून इंधनाचा फवारा उडवून तो हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर केला. त्यानंतर शतकाच्या अखेरीपर्यंत पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांतील, आणि आपल्याकडच्या असंख्य स्कूटरांतील, कार्ब्युरेटर ह्याच तत्त्वावर चालले. मधमाशीच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा रेडिएटर हीही मायबाखचीच देणगी. १९०१ ची मर्सिडीझ गाडी, बुटकी, लांब, पुढे इंजिन असलेली, ही घोडागाडीची सावली झुगारून देणारी पहिली मोटार म्हणता येईल. एमिल येलिनेक ह्या व्यापाऱ्याने तिला आपल्या मुलीचे नाव दिले. डाइमलर आणि बेंझ ह्यांच्या कंपन्या एक झाल्या त्या मात्र बऱ्याच नंतर, १९२६ साली.

आता ठिणगीकडे येऊ. उल्मजवळच्या आल्बेक गावी जन्मलेल्या रॉबर्ट बॉशने १८८६ च्या नोव्हेंबरात स्टुटगार्टमध्ये एक लहानशी कार्यशाळा उघडली. टेलिफोन बसवा, घंट्या दुरुस्त करा, जे काम येईल ते करा, असा तो धंदा होता. पुढील वर्षी एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून त्याने इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. बॅटरी जवळ न बाळगता, चुंबक आणि तारेचे वेटोळे ह्यांच्या हालचालीतून वीज निर्माण करणारे हे यंत्र. १८९७ मध्ये ते वेगवान मोटार-इंजिनाला लागू करण्यात आले आणि १९०२ मध्ये बॉशचा सहकारी गोटलोब होनोल्ड ह्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबत स्पार्क प्लग सिद्ध केला. आता ठिणगी दोन टोकांमधील फटीवरून उडी मारू लागली; सिलिंडरच्या आत हलणारे भाग उरले नाहीत. बेंझला छळणारा प्रश्न सुटला आणि इंजिनाच्या वेगावरचा मोठा अडसर निघाला. पुढे त्याच कारखान्यातून १९१३ मध्ये विजेचे दिवे, १९२१ मध्ये भोंगा आणि १९२६ मध्ये विजेचा वायपर बाहेर पडला. काचेवरील पाणी पुसण्याची कल्पना मात्र तेथली नव्हे. अमेरिकेतील मेरी अँडरसन ह्या बाईंनी हाताने चालणाऱ्या वायपरचे पेटंट १९०३ सालीच घेतले होते.

ह्या यादीतील सर्वांत दूरगामी वस्तू म्हणजे १९२७ मध्ये तयार होऊ लागलेला डिझेलचा इंजेक्शन पंप. रुडोल्फ डिझेल ह्याने आपले इंजिन आउग्सबुर्गमध्ये सिद्ध केले, पण इंधन आत फुंकावयास जड यंत्रसामग्री लागे, म्हणून ते जहाजांत आणि कारखान्यांत अडकून पडले होते. अत्यंत अचूक बनावटीचा लहानसा पंप हाती येताच ते ट्रकात, ट्रॅक्टरात आणि १९३६ साली मर्सिडीझच्या मोटारीतही बसू लागले.

येथे आपला संबंध येतो. १९५१ साली बंगळूर येथे बॉशच्या सहकार्याने मायको ही कंपनी सुरू झाली आणि प्लग व इंजेक्शन पंप भारतात बनू लागले. पुढे नाशिकला तिचा कारखाना आला. तेथील मायको सर्कल आजही त्याच नावाने ओळखतात. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधावयास घेतले. तो करार १९६९ पर्यंत चालला, आणि तोंडावर तीन टोकांची चांदणी मिरविणारे ते ट्रक घाटाघाटांतून धावले. आपल्या ट्रकड्रायव्हराने आणि नाशिकच्या कामगाराने नेकारच्या खोऱ्याचे नाव ऐकले नसेल, पण त्या खोऱ्याचे काम त्यांच्या हाताखालून गेले आहे.

एवढे गुणगान झाल्यावर दुसरी बाजू सांगणे प्राप्त आहे, कारण प्रदेशाचा अभिमान इतिहासाला फार लवकर वाकवितो. व्हिएन्नामध्ये सिगफ्रिड मार्कुस नावाच्या संशोधकाने पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या केल्या होत्या. तो ज्यू कुळातील होता. १९४० साली जर्मन प्रचारखात्याने कोशकारांस लेखी सूचना दिली की, मोटारीचे जनक म्हणून ह्यापुढे मार्कुसचे नव्हे, तर डाइमलर आणि बेंझ ह्यांचेच नाव छापावे. मार्कुसची उरलेली गाडी बेंझच्या नंतरची, १८८८-८९ च्या सुमाराची, असे आज संशोधक मानतात. म्हणजे कालक्रमाच्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याने देता आले असते. राजसत्तेने ते माणसाचे कूळ पाहून दिले. ग्रंथालयात कोश उघडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्याच काळात डाइमलर-बेंझच्या कारखान्यांत वेठबिगार राबत होते. १९४४ मध्ये तेथील कामकऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे युद्धकैदी, परदेशांतून धरून आणलेले नागरिक आणि छळछावण्यांतील बंदी होते. रॉबर्ट बॉशने १९०६ सालीच आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला होता आणि नाझी राजवटीत ज्यूंना मदतही केली. पण युद्धकाळात त्याच्याही कारखान्यांत हजारो वेठबिगार होते. कुशल हात आणि सुजाण मालक असूनही हे घडले.

युद्धानंतर ह्या प्रदेशाच्या खटपटीची दिशा काहीशी बदलली. गाडी चालते कशी, हा प्रश्न सुटला होता. गाडी आदळली तर आतल्या माणसाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. बेला बारेन्यी हा व्हिएन्नाजवळ जन्मलेला अभियंता १९३९ पासून डाइमलर-बेंझमध्ये होता. त्या काळी सर्वांची अशी समजूत होती की, गाडी जितकी मजबूत आणि ताठ तितकी ती सुरक्षित. बारेन्यीने हे उलटविले. १९५१ साली त्याने पेटंट मागितले ते अशा गाडीचे, जिचा मधला भाग ताठ, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरडणारा असेल. ह्या भागासाठी असलेल्या जर्मन शब्दाला मराठीत ‘चुरड-पट्टा’ म्हणावे की काय, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. परंतु कल्पना समजावयास कोकणातील नारळ पुरे. सोललेला नारळ दगडावर आपटला की फुटतो. सोडणासकट झाडावरून पडलेला नारळ बहुधा शाबूत राहतो, कारण आघाताचा जोर सोडण आपल्या अंगावर घेते. १९५९ च्या मर्सिडीझ गाड्यांत हे तत्त्व प्रथम आले, आणि त्याच वर्षी झिंडेलफिंगेन येथे गाड्या मुद्दाम आदळून पाहण्याची चाचणीही सुरू झाली.

ह्यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगतो. ब्रेक जोराने दाबला की चाके फिरावयाची थांबतात, गाडी घसरत जाते आणि सुकाणू ऐकत नाही. चाक थांबू लागले हे ओळखून ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडावा आणि पुन्हा धरावा, ही कल्पना जुनीच होती. हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीत हाइन्झ लायबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर काम केले, बॉशने ते पुढे नेले आणि १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत मिळू लागले. हवेची पिशवी म्हणजे एअरबॅग. तिची कल्पना अमेरिकेत आणि म्युनिकमध्ये आधीच मांडली गेली होती, अमेरिकेत ती सत्तरीच्या दशकात विकलीही गेली होती. पट्ट्याच्या जोडीने काम करणारी आणि टिकून राहिलेली एअरबॅग डाइमलर-बेंझने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आणली. १९९५ मध्ये गाडीचा तोल सावरणारी ईएसपी ही योजना आली. १९९७ साली मर्सिडीझची नवी लहान गाडी स्वीडनमधील एका चाचणीत एकाएकी वळविताना उलटली. मोठी नामुष्की झाली, आणि कंपनीने त्या लहान गाडीतही ईएसपी सर्वांना सरसकट द्यावयास आरंभ केला. तोवर जी चैनीची वस्तू होती ती एका फजितीमुळे सामान्यांच्या गाडीत उतरली.

ह्या क्रमात एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. प्रत्येक सुरक्षा-साधन प्रथम श्रीमंताच्या गाडीत आले. ते तेथून खाली यावयास वर्षे लागली, आणि त्या वर्षांत गेलेली माणसे परत आली नाहीत. ह्याला उजळ अपवाद म्हणजे तीन ठिकाणी बांधावयाचा आसनपट्टा. तो नेकारकाठचा नव्हे. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील नील्स बोलीन ह्याने तो १९५९ साली केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना मोकळे ठेवले. भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून आणि चालकापुढील एअरबॅग जुलै २०१९ पासून. म्हणजे स्टुटगार्टच्या गाडीत एबीएस आल्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी.

शोध लागणे, तो उपलब्ध होणे आणि तो वापरला जाणे ह्या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर एका मर्सिडीझ गाडीला अपघात झाला. पुढे बसलेली दोन माणसे वाचली. मागे बसलेली दोन दगावली. त्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे तपासात सांगण्यात आले. बारेन्यीचा चुरड-पट्टा, एबीएस, एअरबॅग हे सारे एकाच गाडीत असूनही, मागच्या आसनावरचा साधा पट्टा बांधला गेला नाही म्हणून दोन जीव गेले. त्या वर्षी भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली, आणि आसनपट्टा न बांधलेल्यांचा त्यांतील आकडा १६,७१५ होता. हे आकडे सरकारी अहवालातील आहेत. त्यांतील बहुसंख्य लोक पायी, सायकलवर आणि दुचाकीवर होते. गाडीच्या आत बसलेल्यासाठी केलेल्या शोधांनी त्यांचे रक्षण होत नाही, हेही विसरता कामा नये.

नेकारच्या खोऱ्याला आपल्याच शोधांचे ओझे कसे वाहावे लागले हे सांगून मी थांबणार आहे. स्टुटगार्ट शहर डोंगरांच्या वाटीत वसले आहे. धूर त्या वाटीत कोंडतो. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवागन कंपनीच्या डिझेल गाड्यांतील लबाडी उघडकीस आली. चाचणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी आज्ञावली त्यांत घातलेली होती. इंजिनाची नियंत्रणयंत्रे बॉशची होती. २०१९ मध्ये स्टुटगार्टच्याच सरकारी अभियोक्त्यांनी देखरेखीतील हयगयीबद्दल बॉशला नऊ कोटी युरो आणि डाइमलरला सत्याऐंशी कोटी युरो दंड केला. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जुन्या डिझेल गाड्यांना स्टुटगार्ट शहरात बंदी झाली. ज्या गावाने डिझेलला रस्त्यावर आणणारा पंप जगाला दिला, त्याच गावाला आपल्या मुलांच्या फुप्फुसांसाठी डिझेलला वेस बंद करावी लागली.

ह्याचा अर्थ त्या माणसांची खटपट फुकट गेली असा मी करीत नाही. माझ्या मते अर्थ असा की, शोध ज्या दिवशी पेटंट-कचेरीत नोंदला जातो त्या दिवशी त्याचे काम संपत नाही. तो कोणाच्या हाती पडतो, कोणाला परवडतो, कोणाच्या श्रमावर उभा राहतो आणि कोणाच्या श्वासात जातो, हे पाहण्याचे काम तेथून सुरू होते. आणि ते काम केवळ यंत्रविशारदांचे नाही. बेर्टाबाई यंत्रविशारद नव्हत्या. गाडी वापरून पाहून, जे उणे दिसले ते त्यांनी परत येऊन सांगितले. वाचकाला, नागरिकाला, गाडीत मागच्या आसनावर बसणाऱ्याला एवढे निश्चित करता येते. आज घरी परतताना ज्यांना मोटारीने जावयाचे आहे, त्यांनी मागे बसूनही पट्टा बांधावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.